टाळ, ढोल आणि जमीन

जानेवारी १९६८ मध्ये बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन मुंबईत आला आणि फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने आपल्याकडच्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं. पुढच्याच महिन्यात चौघेही बीटल्स हृषीकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात दाखल झाले. १९६९ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत वुडस्टॉकला लाखोंच्या गर्दीपुढे पंडित रविशंकर पावसात सतार वाजवत होते. इकडे मुंबई-कलकत्त्याच्या कॉलेजांतून केस वाढवलेल्या मुलांचे गिटारचे बँड निघाले होते. सिमला सिगारेटच्या नावाने त्यांच्या स्पर्धा भरत, आणि १९७० व १९७१ च्या स्पर्धांच्या तर तबकड्याही निघाल्या. साठच्या दशकाचं बंड आणि त्याचं संगीत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हेच चित्र येतं.

त्याच वर्षांत सातपुड्याच्या पायथ्याशी, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, अंबरसिंग सुरतवंती नावाचा एक तरुण भिल्ल पाड्यापाड्यांवर भजनी मंडळं उभी करत होता. लोक त्याला अंबरसिंग महाराज म्हणत. त्याच्याकडे ना गिटार होती ना ध्वनिक्षेपक. टाळ, ढोलकी आणि मोकळा गळा एवढंच भांडवल. पण त्या भजनांच्या बैठकींतून जी माणसं एकमेकांना धरून उभी राहिली, त्यांनी पुढच्या चार-पाच वर्षांत सुमारे चार हजार एकर जमीन परत मिळवली. खानदेशात साठच्या दशकाचं बंड कुठे झालं असं कुणी विचारलं, तर मी आधी शहाद्याकडे बोट दाखवीन.

आधी जळगाव-धुळ्याच्या शिकलेल्या पोरांचं सांगतो, कारण त्यांचंही एक बंड होतं आणि ते पुढे या गोष्टीला येऊन मिळतं.

भुसावळ जंक्शनमुळे जग खानदेशातून सतत ये-जा करत होतं. जळगाव स्टेशन म्हणजे अजिंठ्याचा दरवाजा. लेणी बघायला निघालेले परदेशी तिथे उतरत. ट्रान्झिस्टर गावात पोचला होता आणि बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की पानटपरीपाशी माणसं गोळा होत. पण इथल्या तरुणाचा राग गाण्यातून बाहेर पडला नाही. तो पडला गद्यातून. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ साली आली तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेला, तिथल्या सगळ्या थाटामाटाला विटलेला आणि शेवटी गावी परतलेला पांडुरंग सांगवीकर हा त्या पिढीच्या मनातला सल होता. जळगावच्या, धुळ्याच्या, अमळनेरच्या वसतिगृहांत राहणाऱ्या कितीतरी पोरांनी त्यात स्वतःला पाहिलं.

त्याच वर्षी अशोक शहाण्यांनी आजकालच्या मराठी वाङ्मयावर ‘क्ष’ किरण टाकणारा लेख लिहून प्रस्थापितांची झोप उडवली. मग अनियतकालिकांचं पेव फुटलं. सायक्लोस्टाइलवर काढलेली, हातोहात वाटलेली, दोन-चार अंकांत बंद पडणारी मासिकं. मुंबईत राजा ढाले, सतीश काळसेकर, तुलसी परब, वसंत गुर्जर ही मंडळी होती. औरंगाबादहून नेमाडे ‘वाचा’ काढत होते. लेखकाचा लेखकराव कसा होतो यावरचा त्यांचा झोंबणारा लेख ‘वाचा’तच आला. १९७० साली त्यांचा कवितासंग्रह निघाला, त्याचं नाव ‘मेलडी’. जळगाव जिल्ह्याच्या सीमेवर, अजिंठ्याच्या डोंगराजवळ पळसखेड्याला शेती करणाऱ्या ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ त्याआधी तीन वर्षं, १९६७ ला, आल्या होत्या.

अनियतकालिकांच्या या मंडळींची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकन बीट कवींचं वारं त्यांना लागलं होतं; अ‍ॅलन गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईत येऊन गेला होता. तरी बंडाची भाषा शोधताना ते वळले वारकऱ्यांकडे. अरुण कोलटकर पखवाज शिकले. दिलीप चित्रे तुकारामाच्या अनुवादात वर्षानुवर्षं बुडून राहिले. शहरातल्या सगळ्यात बंडखोर माणसांना शेवटी भजनाचीच ओढ लागली. शहाद्याच्या पाड्यांवर मात्र ती वाट कुणी नव्याने शोधायची गरज नव्हती. तिथे भजनाने सरकारशी आणि सावकाराशी टक्कर घेण्याचा इतिहास तीस वर्षांचा होता.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून देवीची एक लाट नाशिक, खानदेश आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासी मुलखात पसरली. देवी अंगात येई आणि सांगे: दारू सोडा, ताडी सोडा, अंघोळ करा. ती ओसरली, पण जमीन भिजवून गेली. मग १९३७-३८ मध्ये तळोदे तालुक्यातल्या मोरवड-रंजनपूरला गुला महाराज उभे राहिले. ते स्वतः भिल्ल. दर सोमवारी ते आरती करत आणि तिला हजारोंनी माणसं जमत. त्यांची शिकवण साधी होती: दारू-मांस नको, चोरी नको, रोज अंघोळ, आणि एकमेकांना भेटताना ‘आप की जय’ म्हणायचं. ज्या माणसाला मालकाच्या ओट्याखाली उकिडवं बसून ‘अरे-तुरे’ ऐकायची सवय लावलेली होती, त्याला दुसऱ्या भिल्लाने ‘आप’ म्हणून हाक मारायची, ही त्या काळी किती मोठी उलथापालथ असेल याची कल्पना करून पाहावी.

परिणाम लगेच दिसले. दारू सुटली तशी गुत्तेवाल्याची विक्री घटली, आणि उधारीच्या दारूवर चालणारं सावकाराचं गणितही बिघडलं. १९३८ च्या जुलैमध्ये गुला महाराज वारले. धाकटे भाऊ रामदास महाराज यांनी आरती पुढे चालू ठेवली. आता सरकारला या आरतीची भीती वाटू लागली. बंदी आली, तडीपारी आली. २ मार्च १९४३ रोजी रावलापाणीच्या नाल्यात जमलेल्या रामदास महाराजांच्या अनुयायांवर इंग्रज सरकारच्या शिपायांनी गोळ्या झाडल्या. पंधरा जण मारले गेले. मराठी मुलखात १९४२-४३ च्या हुतात्म्यांची नावं घेताना शिरीषकुमारचं नाव येतं, ते यायलाच हवं. नंदुरबारचं ते लेकरू सप्टेंबर १९४२ मध्ये गेलं. पण त्याच नंदुरबारपासून फार दूर नसलेल्या रावलापाणीचं नाव शाळेच्या पुस्तकात किती जणांनी वाचलं असेल?

गुला महाराजांच्या वाटेने गेलेली घरं भगत म्हणून ओळखली जाऊ लागली. त्यांच्याकडे भजन हा करमणुकीचा प्रकार नव्हता. दारू सोडलेल्या माणसाला संध्याकाळी बसायला जागा लागते, सोबत लागते. ती भजनाने दिली.

अंबरसिंग या परंपरेतच घडला. थोडंफार शिकलेला, सर्वोदयी कार्यकर्त्यांच्या सहवासात वावरलेला, आवाज गोड आणि पल्लेदार. त्याने भिल्ल आदिवासी सेवा मंडळ काढलं, आणि त्याचं गावोगावचं रूप म्हणजे भजनी मंडळ.

शहादा तालुक्याचा तो काळ समजल्याशिवाय या भजनांचं मोल कळणार नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मध्ये काळीभोर सुपीक जमीन. ही जमीन एकेकाळी मुख्यतः भिल्लांच्या वहिवाटीत होती. इंग्रजी मोजणी झाली, सातबारे आले, सावकारी कर्जं आली, आणि दोन-तीन पिढ्यांत ती हातची गेली. कधी दहा-वीस रुपयांच्या कर्जापोटी, कधी एका पोत्याच्या खावटीपोटी, कधी कशावर अंगठा उठवला हे न कळताच. घेणारे बहुतेक गुजर आणि इतर कष्टाळू शेतकरी समाजांतले होते. त्यांनी विहिरी खणल्या, ऊस-केळी-कापूस उभा केला, यात शंका नाही. पण ज्याच्या बापाच्या नावावर ते शेत होतं, तो आता त्याच शेतात सालदार होता.

सालदारी म्हणजे वर्षभराचा करार. खानदेशात तो आखाजीला, अक्षय्य तृतीयेला ठरतो. ज्या दिवशी सासुरवाशिणी माहेरी येऊन झोके घेतात आणि गौराईची गाणी म्हणतात, त्याच दिवशी सालदाराचं वर्ष विकलं जातं. पहाटे गोठा, मग बैलं, मग पाणी धरणं, रात्री राखण. घरात लग्न किंवा आजारपण निघालं की उचल, उचल फिटली नाही की पुढचं सालही त्याच मालकाकडे. बायकोने मालकाच्या गोठ्यातलं शेण काढायचं, अंगण झाडायचं, त्याचे पैसे वेगळे नाहीत. पावसाळ्यात हाताला काम नसलं की खावटी म्हणून ज्वारी मिळायची, ती सुगीला दीडपट-दुपटीने फेडायची. चोरीच्या नुसत्या संशयावरून मार ठरलेला. बायांच्या अब्रूची गोष्ट कुणी उघड बोलत नसे, पण सगळ्यांना माहीत असे.

अशा ठिकाणी चार भिल्ल एकत्र बसले तर पाटलाला संशय यायचा. भजनाला बसले तर यायचा नाही. माझ्या मते अंबरसिंगचं सगळं कसब इथे होतं.

भजनी मंडळ कसं चालतं ते ज्याने खेड्यात दिवस काढलेत त्याला ठाऊक आहे. दिवसभराची कामं उरकून माणसं एकेक करून येतात. कंदील मध्ये, भोवती टाळकरी. एक जण ओळ उचलतो, बाकीचे ती झेलतात आणि परत त्याच्याकडे टाकतात. ज्याला काहीच येत नाही तोही दुसऱ्या खेपेला म्हणू लागतो. मंडळाला वर्गणी लागते, म्हणून हिशेब ठेवणारा एक जण लागतो. टाळ-ढोलकी कुणाच्या घरी राहणार हे ठरवावं लागतं. शेजारच्या गावाने भजनाला बोलावलं की जायचं कुणी, परतायचं कधी, याचं नियोजन लागतं. पुढे शहाद्यात निघालेल्या श्रमिक संघटनेने ज्या गोष्टी गावसमित्यांना शिकवल्या, त्या सगळ्यांचं बाळकडू इथे होतं. शिवाय बातमी चालायची. भजनाच्या मधल्या वेळात अमक्या पाड्यावर सालदाराला मारल्याचं, तमक्या गावच्या शेताचे कागद मामलतदाराकडे सापडल्याचं आपोआप पसरायचं. पोलीस पाटलाच्या नाकासमोर ही यंत्रणा उभी राहत होती.

भजनाच्या जोडीला भिल्लांची स्वतःची गाणी होतीच. होळीला सातपुड्यात ढोल निघतात. काठी गावच्या होळीला रात्रभर माणूस हलत नाही. अंगावर राखेचे ठिपके काढलेले, कमरेला दुधीभोपळे आणि घुंगरं बांधलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले बुध्ये नाचतात. रोडाली नावाची गाणी असतात, बाया-पुरुष हातांची साखळी करून नाचता नाचता म्हणतात. यांची रचना अशी की एकच चाल घोळत राहते आणि तिच्यात कुणीही ताजी ओळ घालू शकतो. कालची घटना आज गाण्यात येते. सावकाराचं नाव येतं, जंगलखात्याच्या गार्डाचं येतं. ज्या माणसाला अर्ज लिहिता येत नाही, त्याची तक्रार नोंदवून ठेवणारं हेच दप्तर होतं. दारू सोडलेले भगत आणि होळीत मोहाची पिणारे बाकीचे यांच्यात ताण होता. भगतांना ढोल-नाच थोडा हलका वाटे. अंबरसिंगला दोघांनाही बरोबर न्यायचं होतं, आणि ते सोपं नव्हतं.

१९६७ ला बंगालमध्ये नक्षलबारी झालं. १९६८ ला पॅरिसमध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले. महाराष्ट्रात १९६७ ला युवक क्रांती दल निघालं. आणि १९६९ च्या ज्या पावसाळ्यात वुडस्टॉक भरलं, त्याच पावसाळ्यात महाराष्ट्राने आपले दोन सर्वांत मोठे लोकगायक गमावले. १८ जुलैला अण्णाभाऊ साठे गेले, २९ ऑगस्टला शाहीर अमर शेख अपघातात गेले. लाल बावटा कलापथकाने चाळीसच्या दशकात जे उभं केलं होतं, गाणं आणि मोर्चा यांची जी सोयरीक जमवली होती, तिचे हे दोन आधारखांब. डफ थांबला असं तेव्हा अनेकांना वाटलं. शहाद्यात तेव्हा काय चाललंय हे मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांना ठाऊकच नव्हतं.

ते ठाऊक झालं मे १९७१ मध्ये, पाटीलवाडीच्या घटनेमुळे. उन्हाळ्याचे दिवस, घरात दाणा नाही. धान्य मागायला गेलेल्या आदिवासींच्या जमावावर बागायतदारांच्या बाजूने गोळीबार झाला. एक आदिवासी जागीच गेला, बरेच जखमी झाले. दरोड्याचा आरोप मात्र आला तो आदिवासींवर.

दहा वर्षांपूर्वी अशी गोष्ट पाड्यावरच विरून गेली असती. पण आता गावोगाव मंडळं होती, एकमेकांना ओळखणारी माणसं होती. अंबरसिंगने हा विषय सोडला नाही. महाराष्ट्रातले सर्वोदयी कार्यकर्ते धावले. गोविंदराव शिंदे इथे येऊन राहिले. सर्वोदयाची या जिल्ह्याशी जुनी नाळ होती. विनोबांची गीता प्रवचनं १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगातच झाली आणि ती उतरवून घेतली अमळनेरच्या साने गुरुजींनी. त्या प्रवचनांना कैदी आणि पहारेकरी दोघंही बसत. चाळीस वर्षांनी त्याच परंपरेतली माणसं सातबारे तपासत शहाद्याच्या तहसील कचेरीत बसली होती.

आणि मग पोरं आली.

बाबा आमट्यांनी चंद्रपूरकडे सोमनाथला श्रमसंस्कार छावण्या सुरू केल्या होत्या. कॉलेजातली शेकडो मुलं-मुली तिथे कुदळ-फावडी घेऊन राबायची, रात्री गाणी म्हणायची, वाद घालायची. त्या हवेत वाढलेले काही तरुण १९७१-७२ मध्ये शहाद्याला पोचले आणि राहिले. कुमार शिराळकर त्यांपैकी एक. पवईच्या आयआयटीतून इंजिनीअर झालेला हा माणूस पगाराची नोकरी सोडून सालदारांच्या पाड्यावर राहायला आला तो कायमचा. २०२२ मध्ये गेला तोवर शेतमजुरांतच काम करत होता. दीनानाथ मनोहर आले, विजय कान्हेरे आले. पुण्या-मुंबईकडे ‘मागोवा’ गटात सुधीर बेडेकर आणि इतर तरुण मार्क्स वाचत होते, त्यांचंही येणं-जाणं सुरू झालं.

या तरुणांना मी त्या काळच्या जगभरच्या बंडखोर पिढीचेच भाऊबंद मानतो. कॅलिफोर्नियातल्या मुलांनी घर सोडलं, करिअरवर पाणी सोडलं, समूहाने राहायला सुरुवात केली. यांनीही तेच केलं. फरक इतकाच की यांच्या झोपडीच्या बाहेर भूक उभी होती, आणि ते तिच्याशी लढायला आले होते. अनियतकालिकांतून शब्दांत आग ओतणारे त्यांचे समवयस्क आणि हे, दोघेही एकाच प्रस्थापिताला नकार देत होते. १९७२ हे वर्ष तर त्या नकाराचं उधाण होतं: नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, दलित पँथर उभी राहिली आणि शहाद्यात श्रमिक संघटना स्थापन झाली.

३० जानेवारी १९७२, गांधीजींच्या हौतात्म्याचा दिवस. शहाद्याला भूमुक्ती परिषद भरली. डोक्यावर भाकरीचं गाठोडं, काखेत पोर, पायी चालत पाड्यापाड्यांवरून माणसं आली. बेकायदा गेलेल्या आणि गहाण पडलेल्या जमिनी परत करा, ही मुख्य मागणी. गावागावात याद्या झाल्या, जुने कागद बाहेर निघाले, जमीन कुणाची होती आणि कशी गेली हे म्हाताऱ्यांनी तोंडपाठ सांगितलं. वर्ष-दीड वर्षात सुमारे चार हजार एकर जमीन मूळ मालकांच्या वहिवाटीत परत आली. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचे राज्याचे कायदे झाले ते १९७४-७५ मध्ये. शहाद्याने त्याची वाट पाहिली नव्हती.

तोवर दुष्काळ पडला होता. १९७२ चा तो दुष्काळ. खडी फोडायच्या कामांवर हजारोंनी माणसं एकत्र आली आणि संघटनेची खरी वाढ तिथे झाली. सालदारांचा पगार, कामाचे तास, शेणकुराची वेगळी मजुरी, पोलिसी मार, एकेक प्रश्न हाती घेतला गेला. शिबिरं सुरू झाली. दिवसा चर्चा, रात्री गाणी. बाहेरून आलेली मुलं त्यांची मराठी-हिंदी क्रांतिगीतं घेऊन आली होती, पाड्यावरच्या लोकांकडे भिली रोडाली होत्या. गाण्याची चाल जुनी आणि मजकूर नवा, हा मेळ जमायला फार दिवस लागले नाहीत. रोडालीला रिकामी ओळ भरायची सवयच होती.

बायांची शिबिरं वेगळी झाली, आणि तिथून जे निघालं त्याची कुणी आखणी केलेली नव्हती. दारूचा विषय त्यांनी काढला. नवरा पितो, मारतो, मजुरी गुत्त्यावर ठेवतो. घोळक्याने बाया उठल्या, गाणी म्हणत शेजारच्या गावात शिरल्या आणि दारूची मडकी फोडली. मग दुसऱ्या गावात. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत आणून जाब विचारला. सुशिक्षित कार्यकर्त्यांना हे आधी नीट कळलं नाही. त्यांच्या पुस्तकांत लढा जमीनदाराशी होता. बायांना मात्र १९२२ ची देवी आणि गुला महाराजांची आरती या दोन्हींची आठवण आजीकडून आलेली होती. दारू सोडणं म्हणजे सावकाराच्या तावडीतून सुटणं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. स्त्रीमुक्तीचा शब्द शहरांतल्या व्यासपीठांवर रुळायच्या आधी शहादा तालुक्यात हे घडत होतं, आणि महाराष्ट्राच्या स्त्री-चळवळीच्या इतिहासात याला पहिल्या पानावर जागा हवी.

सर्वोदयी आणि मार्क्सवादी यांचं पुढे जमलं नाही. एकाला हृदयपरिवर्तन हवं होतं, दुसऱ्याला वर्गसंघर्ष. अंबरसिंग दोघांच्या मधला. त्याचा गळा भजनाचा, पाय मोर्च्यातले. दोघांनाही तो हवा होता, कारण पाड्यावरचा माणूस भाषणाला नव्हे तर महाराजांच्या हाकेला यायचा. १९७४ मध्ये अंबरसिंग अकाली गेला. वय फार नव्हतं. त्याच्यानंतर संघटना थांबली नाही, लढे चालू राहिले. पण जमीन, भक्ती, दारू, मान, सगळं एका ओळीत बांधणारा तसा गायक शहाद्याला पुन्हा मिळाला नाही. मागोमाग १९७५ ची आणीबाणी आली.

या चळवळीचं लेखी रूप शिकलेल्यांनीच जास्त ठेवलं. दीनानाथ मनोहरांनी पुढे आयुष्यभर या मुलखाबद्दल लिहिलं. जर्मन अभ्यासक मारिया मीस हिने १९७६ मध्ये शहाद्याच्या चळवळीवर निबंध प्रसिद्ध केला आणि जगभरच्या विद्यापीठांत शहादा हे नाव पोचलं. पण सगळ्यात खोल बोललं ते आतलंच एक माणूस. वाहरू सोनवणे, १९५० चा जन्म, शहादा तालुक्यातलाच भिल्ल तरुण, श्रमिक संघटनेत आला, नेता झाला आणि कवी झाला. त्याची ‘स्टेज’ नावाची छोटी कविता आज देशभरात अनेक भाषांत वाचली जाते. तिच्यात तक्रार आहे ती शत्रूंविरुद्ध नव्हे, सोबत्यांविरुद्ध. आदिवासी खाली बसले, बाहेरून आलेले व्यासपीठावर चढले, आणि आदिवासींचं दुःख त्यांनाच समजावून सांगू लागले, असा तिचा आशय. ज्यांनी आयुष्य वाहून टाकलं त्या कार्यकर्त्यांना ती किती लागली असेल. आणि तरी ती खरी होती. भजनात ओळ उचलणारा आणि झेलणारा एकाच जाजमावर बसतो. सभेत तसं होत नाही. वाहरूने हे सांगितलं तेव्हा तो नुसती नाराजी व्यक्त करत नव्हता, तर अंबरसिंगच्या बैठकीत जे होतं आणि पुढे जे हरवलं त्याचा हिशेब मागत होता.

‘गोधड’ हा त्याचा संग्रह १९८७ मध्ये निघाला. १९९० ला पालघरच्या आदिवासी साहित्य संमेलनाचा तो अध्यक्ष झाला. पुढे तो आदिवासी एकता परिषदेच्या कामात पडला. महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश आणि राजस्थान या चार राज्यांतले भिल्ल आणि इतर आदिवासी दर जानेवारीत परिषदेच्या महासंमेलनाला जमतात. शहादा आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. १ जुलै १९९८ ला धुळ्याचे दोन जिल्हे झाले. तिकडून ट्रॅक्टर आणि जीप भरून माणसं निघतात, ढोल आधी चढवतात, मग पोरं. भाषणं होतात, ठराव होतात, आणि रात्री रोडालीत कुणीतरी त्या वर्षीची नवी ओळ घालतो: कधी धरणातल्या जमिनीची, कधी वनहक्काच्या दाव्याची.